गुऱ्हाळातला खोकला

मार्चमध्ये व्हर्माँटच्या डोंगरात खोकला कोणाला नसतो? रात्री हाडं गोठवणारी थंडी, दुपारी गुडघाभर चिखल आणि दिवसभर मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करणाऱ्या गुऱ्हाळातली वाफ नि धूर. आत घामाच्या धारा, बाहेर पाऊल टाकलं की गारठा. झाडांना रस सुटला की माणसं खोकायला लागतात आणि रस आटला की थांबतात, असं इकडे सगळे धरून चालतात. त्याला नावसुद्धा आहे, गुऱ्हाळी खोकला. त्यासाठी कोणी डॉक्टरकडे गेलाच, तर पुढच्या मोसमापर्यंत लोक त्याची टर उडवतील.

तेव्हा ऑरिन टटल खोकत होता यात कोणाला नवल वाटलं नाही. त्याच्या बायकोलाही नाही. निदान सुरुवातीला नाही.

ऑरिन पंचाहत्तरी ओलांडलेला, उंच, कमरेत जरासा वाकलेला आणि बोलण्यात महा कंजूष. एव्हिस म्हणायची, माझा नवरा वर्षातले साडेदहा महिने माझा असतो, उरलेला दीड महिना तो काहिलीचा. ते खरंच होतं. रस सुटला की तो पहाटे गुऱ्हाळात शिरायचा आणि रसाची टाकी रिकामी झाल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. पाक कधी झाला हे ठरवायचं आणि तोटी उघडून तो काढायचा, हा मान फक्त त्याचा. मुलगा डीन चाळिशी उलटून गेलेला, दोन पोरांचा बाप, पण त्याने रस वाहून आणायचा, लाकडं फोडायची, चुलवाणात सारायची आणि बाजूला उभं राहायचं. तोटीला हात लावायची त्याला अजून परवानगी नव्हती. टटलांच्या घरात हे असंच चालत आलं होतं, आणि डीनच्या मनात काय येत असेल ते विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी नवराबायको दोघांनाही फ्लू झाला. एकाच पलंगावर दोघं कण्हत पडले, एकमेकांना सूप पाजलं आणि उठले. ऑरिन तर एव्हिसच्या आधी उठला. बर्फावरून चालत जाऊन त्याने झाडांना भोकं पाडली, नळ्या जोडल्या, भरपेट जेवला. सगळं मार्गी लागलं होतं. आणि मग ऐन रस सुटायच्या वेळेला खोकला परत आला.

यावेळी तो वेगळाच होता. खोल, ओला, आणि खोकताना ऑरिन उजव्या कुशीवर हात दाबून धरायचा.

"काय झालं तिथे?" एव्हिसने विचारलं.

"ओंडका लागला."

"कधी?"

"लागला कधीतरी."

एका संध्याकाळी तो जेवण अर्धं टाकून पलंगावर पडला आणि थंडीने असा काही कुडकुडायला लागला की पलंगाची फळी भिंतीवर आपटायला लागली. एव्हिसने घरातली होती नव्हती ती पांघरुणं त्याच्यावर घातली आणि वरून स्वतः त्याला बिलगून पडली. सकाळी तिने थर्मामीटर लावला. ताप नव्हता. उलट पारा नेहमीपेक्षा खालीच होता. ऑरिनने तो तिच्या हातातून घेऊन उजेडाकडे धरून पाहिला आणि खटला जिंकल्यासारखा परत दिला.

"बघ. ताप नाही."

"मग रात्री काय झालं होतं?"

"थंडी वाजली. मार्च आहे."

ताप नाही तर आजार नाही, हा त्या घरातला कायदा होता. पोरांना शाळेत धाडायचं की नाही, गाईंच्या धारा कोणी काढायच्या, सगळे निकाल त्या काचेच्या नळीने दिलेले. एव्हिसने याच कायद्यावर तीन मुलं वाढवली होती आणि तिन्ही धडधाकट निघाली होती. म्हणून तिने मान डोलावली आणि तिच्या सासूने सांगितलेला उपाय केला. ऑरिनची जुनी लाकडी खुर्ची उचलून काहिलीच्या अगदी जवळ मांडली.

"इथे बसून काम कर. वाफ घे छातीत भरून."

हाही इकडचा जुना समज. गुऱ्हाळातली वाफ छातीला चांगली. गोड असते, ऊबदार असते, घसा मोकळा करते. खोकणारी पोरं घेऊन आया मुद्दाम येतात आणि त्यांना काहिलीजवळ उभं करतात. ऑरिनलाही तिथे बरं वाटायचं. वाफेत बसला की त्याची उबळ थांबायची, आणि चुलवाणाच्या उजेडात त्याचे गाल असे लालबुंद दिसायचे की कोणी म्हणावं, याला काय धाड भरलीय. तो आठवडाभर तसाच बसला. एव्हिस मनातून खूश होती, आपला उपाय लागू पडला म्हणून.

फक्त काही गोष्टी तिला खुपत होत्या. तिने भाजलेला ॲपल पाय, ज्यासाठी तो भांडायचा, तो त्याने तसाच ठेवला. रात्री आडवा होईना, दोन उशांना टेकून बसून झोपायचा. आणि बोलणं. कमी बोलणारा माणूस आणखी कमी बोलतो आहे हे बायकोशिवाय कोणाला कळणार? पूर्वी तो थोडकं बोलायचा पण सलग बोलायचा. आता दोन शब्द झाले की थांबायचा.

त्या रविवारी गावातले लोक येणार होते. दर वर्षी मोसमातल्या एका रविवारी टटलांचं गुऱ्हाळ सगळ्यांना उघडं असतं. परातीत दाबून भरलेला स्वच्छ बर्फ, त्यावर ओतलेला गरम पाक, तो चिकट होऊन जमला की काट्याला गुंडाळून तोंडात टाकायचा. सोबत डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं, म्हणजे गोडाची मिठी बसली की लोणच्याने सोडवायची आणि पुन्हा खायला लागायचं. एव्हिस सकाळपासून डोनट तळत होती. दुपारी ती टोपली घेऊन घरातून गुऱ्हाळाकडे निघाली, तेव्हा लाकडांच्या रासेपाशी तिला ऑरिन दिसला. रासेला पाठ टेकून, दोन्ही हात मांड्यांवर रोवून उभा होता.

"इथे काय करतोस?"

"लाकडं... बघायला."

"डीन आहे ना लाकडांना."

"हो... आहे."

बाहेर थंडी स्वच्छ होती. ना वाफ, ना काहिलीची खळखळ, ना माणसांचा गलका. आणि त्या शांततेत एव्हिसला आठवड्यात पहिल्यांदा नवऱ्याचा श्वास नीट ऐकू आला. उथळ, तुटका आणि भराभर, डोंगर चढून आल्यासारखा. पण तो चालला होता तो गुऱ्हाळाच्या दारापासून रासेपर्यंत. तेवढं अंतर तर तिची पाच वर्षांची नात एका पायावर लंगडी घालत जाते.

"ऑरिन, तुला दम लागलाय."

"जरा... थकलो." तो सरळ झाला, तिच्याकडे न बघता आत गेला आणि वाफेत दिसेनासा झाला. ती मागोमाग आत शिरली तोवर तो खुर्चीत बसला होता, हातात पळी होती, गाल लाल होते आणि काहिलीच्या खळखळाटात त्याचा श्वास ऐकूच येत नव्हता.

डीन चुलवाणात लाकडं सारत होता. तिने त्याला बाजूला ओढलं.

"बाबाला डॉक्टरकडे न्यायला हवं."

डीनने कपाळावरचा घाम पुसला. "टाकी काठोकाठ भरलीय, आई. ऊन असंच पडलं तर हा रस उद्यापर्यंत आंबेल. आणि याला आत्ता इथून कोण उठवणार? तू?"

"त्याचा श्वास बघितलास का?"

"थकलाय गं. एवढं वय झालं. आजची टाकी संपू दे, उद्या सोमवार आहे, दवाखाना उघडा असतो. मी स्वतः नेतो."

"उद्या नक्की?"

"नक्की."

आणि एव्हिस हो म्हणाली. तिला हायसंच वाटलं खरं तर. कोणीतरी दिवस ठरवून दिला की काळजी त्या दिवसावर टाकता येते. ती डोनट वाटायला गेली.

गुऱ्हाळ माणसांनी भरलं होतं. शेजारचा वेंडेल भिंतीशी बाकावर बसून मैफल रंगवत होता. ऑरिनपेक्षा तो थोडा मोठा, बालमित्र, आणि ऑरिन जेवढा गप्प तेवढा हा बडबड्या. दोघांच्या मैत्रीचं रहस्य हेच असावं, कारण वेंडेलला ऐकणारा लागायचा आणि ऑरिनला बोलायचा कंटाळा. पोरं परातीभोवती ढकलाढकली करत होती. वाफ इतकी दाट होती की पलीकडचा माणूस नुसता आकार दिसायचा.

काहिलीत फेस वर आला. असा फेस आला की सायीचा एक थेंब टाकायचा असतो, म्हणजे तो खाली बसतो. ऑरिनने वाटीतून थेंब टाकला. फेस बसला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा टाकला, फेस नसताना. मग पुन्हा. एव्हिस टोपली धरून बघत राहिली. त्याने पळी पाकात बुडवून वर उचलली. पाक तयार नसला तर पळीवरून थेंबथेंब गळतो, आणि झाला की कडेवरून सलग पडदा उतरतो. पडदा उतरला. सुरेख, रुंद, तोटी उघडायची वेळ झाल्याचं सांगणारा. या माणसाचा हात अशा वेळी आपोआप तोटीकडे जायचा. तिने जन्मभर तेच बघितलं होतं.

ऑरिन पळीकडे बघत बसला.

"झालाय, ऑरिन," ती जवळ जाऊन म्हणाली.

"नाही... अजून."

पुन्हा पळी. पुन्हा पडदा. "नाही अजून," तो म्हणाला, आणि मग मान वळवून डीनला विचारलं, "घोडे... बांधले का?"

बाकावर हशा पिकला. टटलांकडे घोडे होते ते ऑरिन शाळेत जात असताना. तेव्हा रसाची पिपं घोडे ओढायचे. "बांधले, बाबा, आणि गवतही घातलं," डीन हसत म्हणाला. "म्हातारा आज रंगात आलाय," कोणीतरी म्हणालं.

एव्हिस हसली नाही. पन्नास वर्षांच्या संसारात ऑरिनने काहिलीसमोर बसून एकदाही थट्टा केली नव्हती. चर्चमध्ये करील, प्रेतयात्रेत करील, पण काहिलीसमोर नाही.

वेंडेलला मात्र विषय मिळाला. त्याने काकडीचा तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला. "याचा बाप अगदी असाच गेला बरं का. याच जागी. मी होतो इथे, पोरगा होतो. रविवारच होता, आम्ही सगळे बर्फावरचा पाक खात होतो. म्हातारा आठवडाभर खोकत होता, पण खोकला काय, सगळ्यांनाच. ताप नाही, काही नाही. खुर्चीत बसून काहीबाही बोलायला लागला, कोणाकोणाच्या मेलेल्या माणसांना हाका मारायला लागला. आम्हाला वाटलं, चेष्टा करतोय. हसून हसून पोट दुखलं आमचं. आणि मग डोळे मिटले ते मिटलेच. काहिलीसमोर, हातात पळी घेऊन. असं मरण यायला नशीब लागतं."

"खरंय," दोघंतिघं म्हणाले.

ही गोष्ट एव्हिसने लग्न होऊन या घरात आली त्या वर्षी पहिल्यांदा ऐकली होती. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयताला, प्रत्येक मोसमात ऐकली. तिला ती नेहमीच सुंदर वाटत आली होती. तिने स्वतः ती नातवंडांना सांगितली होती. आज पहिल्यांदाच तिने ती नीट ऐकली. आठवडाभर खोकला. ताप नाही. भरकटलेलं बोलणं. आणि सगळे हसताहेत, खाताहेत, आणि माणूस त्यांच्यादेखत मरतो आहे.

सोमवार कुठला, हा सोमवार बघेल असं तिला दिसेना.

"ऑरिन, ऊठ. डॉक्टरकडे जायचंय."

"काहील... उकळतेय."

तो उठणार नव्हता. काहील उकळत आहे तोवर तो जागचा हलणार नव्हता, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. ओढाओढ केली असती तर डीनने बापाची बाजू घेतली असती, लोकांनी मध्ये पडून समजूत घातली असती, आणि त्या समजुतीच्या गुऱ्हाळात संध्याकाळ झाली असती. तिने टोपली खाली ठेवली. टाकीपाशी गेली. कच्च्या रसाचा मोठा नळ तिने दोन्ही हातांनी धरला आणि पूर्ण उघडला.

गार रस धो धो करत काहिलीत कोसळला.

ही गोष्ट गुऱ्हाळात कोणी करत नाही. तयार झालेल्या पाकात कच्चा रस ओतायचा म्हणजे सकाळपासूनची मेहनत मातीत घालायची. डीन ओरडला, "आई, काय करतेस?" कोणीतरी तिचा हात धरायला पुढे आलं. तिने कोपराने त्याला ढकललं आणि काहील काठापर्यंत भरेस्तोवर नळ बंद केला नाही. खाली आग होती, पण वर एवढा थंड रस पडल्यावर उकळी बसली. खळखळ थांबली. दिवसभर कानात भरून राहिलेला तो आवाज गेला आणि गुऱ्हाळ एकदम मुकं झालं.

मग वाफ विरायला लागली. छपराच्या उघड्या झडपांतून ती वर गेली, पातळ झाली, आणि दुपारचा उजेड आत उतरला. माणसांना एकमेकांचे चेहरे दिसायला लागले. आणि सगळ्यांना ऑरिन दिसला.

त्याचे ओठ निळे होते, ब्लूबेरी खाऊन आलेल्या पोराच्या ओठांसारखे. गालांवरची लाली आगीची होती, त्याची नव्हती. आता तिथे राखेचा रंग होता. प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलत होत्या आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती. आणि तो श्वास आता सगळ्यांना ऐकू येत होता.

"एव्हिस," तो म्हणाला. मग श्वास. मग, "काहील."

"काहील गेली खड्ड्यात," एव्हिस म्हणाली.

सगळ्यात आधी वेंडेल हलला. तो उठून घराकडे गेला, तिथला फोन लावायला, आणि त्या वयात चिखलातून जवळजवळ पळत परत आला. "ॲम्ब्युलन्स निघाली. पण ते म्हणतात, डांबरी रस्त्यापर्यंतच येतील, चर्चपाशी. वर यायला लागले तर चिखलात रुततील."

"मी खाली नेतो ट्रकमधून," डीन म्हणाला. त्याने बापाला खुर्चीतून उचललं. एवढा उंच माणूस, पण उचलताना डीनचा चेहरा असा झाला, जणू अपेक्षेपेक्षा फार हलकं काहीतरी हाती लागलं. वेंडेल दारात उभा होता. एव्हिसच्या दंडाला हात लावून म्हणाला, "आग मी बघतो. तू जा." त्याचे डोळे भरून आले होते. ऑरिनच्या बापाच्या गोष्टीतून एव्हिसला जे कळलं होतं, ते आता त्यालाही कळलं होतं.

ट्रकमध्ये तिने ऑरिनला आडवं होऊ दिलं नाही. त्याची पाठ आपल्या छातीवर घेऊन बसली. ट्रक चाकोऱ्यांतून हेलकावे खात उतरत होता आणि दर वळणावर तो विचारत होता, "काहिलीपाशी... कोण?"

"वेंडेल आहे."

"काहिलीपाशी... कोण?"

"वेंडेल आहे, राजा."

राजा ती त्याला गेल्या कित्येक वर्षांत म्हणाली नव्हती.

चर्चसमोर ॲम्ब्युलन्स थांबली होती. आतल्या माणसांनी ऑरिनला ऑक्सिजन लावला आणि बोटाला चिमटा लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघितला. तो बघताच त्यांनी गाडी भरधाव सोडली. एव्हिसला त्यावरून कळायचं ते कळलं.

हॉस्पिटलमधली डॉक्टर मिशो तिच्या धाकट्या लेकीच्या वयाची होती. तिने छातीचा फोटो पडद्यावर दाखवला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा फटक पडला होता. न्युमोनिया. डावीकडेही सुरुवात झाली होती.

"पण ताप नव्हता हो," एव्हिस म्हणाली. "मी रोज बघत होते. शपथेवर सांगते."

"या वयात पुष्कळदा येतच नाही. ताप आणायलाही अंगात जोर लागतो. म्हाताऱ्या माणसाचा ताप बघत बसायचं नाही, श्वास बघायचा. बसल्या जागी धाप लागते का, वाक्य पुरं होतं का. आणि माणूस भलतंच बोलायला लागला, वेळकाळ विसरला, तर दुसऱ्या कशाची वाट बघायची नाही. ओठ निळे दिसेपर्यंत तर नाहीच नाही."

"थंडी वाजली होती त्याला. पलंग हलत होता."

"ते रोगानेच. आणि कुशीत दुखत होतं का, खोकताना?"

"ओंडका लागला म्हणाला."

डॉक्टरने नुसती मान हलवली. तिने या डोंगरातले बरेच ओंडके ऐकले असावेत. "फ्लू बरा होऊन खोकला उलटला, तिथेच यायला हवं होतं. तेव्हा कदाचित नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं."

"मी त्याला वाफेत बसवलं." हे बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "आठवडाभर. मीच खुर्ची नेऊन ठेवली तिथे."

"वाफेने घसा मोकळा वाटतो. जे साचलंय ते खाली आहे, तिथे वाफ काही करत नाही." डॉक्टरला लपवाछपवी करायची नव्हती आणि दुखवायचंही नव्हतं. "मिसेस टटल, आजची रात्र अवघड आहे, मी खोटं सांगणार नाही. पण औषध चालू झालंय. तुम्ही उद्या आला असतात तर मी एवढं बोलत बसले नसते."

एव्हिस बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि रडली. डीन शेजारी बसला, चिखलाने भरलेल्या बुटांसकट पाय पोटाशी ओढून, लहानपणी बसायचा तसा.

"सोमवार मी म्हटलं," तो म्हणाला.

"त्याला हो मी म्हटलं," ती म्हणाली.

पुढे दोघांनीही ते पुन्हा काढलं नाही. काढून होणार काय होतं? आत यंत्र सुस्कारे टाकत होतं आणि दोघं ते ऐकत बसले.

ती रात्र गेली. दुसरीही गेली. मग ऑरिनचे ओठ ओठांच्या रंगाचे झाले, आणि एका सकाळी त्याने डोळे उघडून परिचारिकेला विचारलं की ही लापशी आहे की भिंतीला लावायचा चुना. ते ऐकून एव्हिसने पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. माणूस परत आला होता. घोड्यांचं त्याला काही आठवत नव्हतं. गुऱ्हाळाचं मात्र अर्धवट आठवत होतं, आणि जे आठवत नव्हतं ते डीनच्या तोंडून निसटलं. बिचारा बापाला खूश करायला सांगत होता की वेंडेलने आग कशी नीट विझू दिली, काहील कशी जळली नाही, कारण आईने रस काठोकाठ ओतला होता.

"ओतला?" ऑरिनने विचारलं. "तयार पाकात?"

डीनने आईकडे बघितलं आणि कॉफी आणायला जातो म्हणून सटकला.

ऑरिनने तोंड खिडकीकडे वळवलं. नाकातल्या नळीतून हवेचा बारीक आवाज येत होता. एव्हिस त्याच्या पाठीकडे बघत बसली. रागावला असेल तर रागावू दे, असं तिला वाटलं. रागवायला तो आहे तरी. पण शेवटी तिला राहवलं नाही.

"पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओतीन," ती म्हणाली. "अख्खी टाकी ओतीन. तुझा बाप खुर्चीत गेला ही गोष्ट मी हयातभर ऐकली. तुझी गोष्ट मला सांगायची नाहीये. कळलं? मला तू हवा आहेस, लापशीला नावं ठेवणारा."

तो इकडे वळला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. लग्नापासून आजवर तिने ते तसे दोनदाच पाहिले होते.

"मी विचार करत होतो," तो म्हणाला. आता त्याला वाक्य पुरं करता येत होतं, सावकाश का होईना. "तू त्या खुर्चीत असतीस, आणि मी तुझ्या जागी. ओठ बिठ सगळं असंच. तर मी काय केलं असतं."

"काय केलं असतंस?"

"आधी पाक काढला असता." त्याचा आवाज फुटला. "मग वळलो असतो तुझ्याकडे. एव्हिस, मी आधी पाक काढला असता."

तिने त्याचा हात हातात घेतला. सुया टोचून टोचून तो हिरवा निळा झाला होता, म्हणून हलकेच धरला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणते, आजारी तू पडलास तेच बरं झालं."